गोवलेल्या माणसाचा गुन्हेपट

न केलेल्या गुन्ह्याचा आळ आलेला माणूस आणि त्याच्यावर कुभांड रचणारा दगाबाज यांची गोष्ट सांगणारा कमी खर्चाचा चित्रपट. हा प्रकार १९४० ते १९५५च्या सुमारास हॉलिवुडमध्ये भरात होता.

त्या काळी अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. जोडीला लागणारा ‘बी’ चित्रपट बहुधा तास-सव्वा तासाचा असे. मुख्य चित्रपटाला तिकीटविक्रीत टक्केवारी मिळे, याला मात्र ठरावीक भाडे. चित्रपट कितीही चांगला उतरला तरी उत्पन्न वाढायचे नाही, म्हणून निर्माता खर्च आवळत असे. गोवलेल्या माणसाची गोष्ट अशा बेतात चपखल बसते. त्याला पोलिसांकडे जाता येत नाही, ओळखीच्या दारात उभे राहता येत नाही; लपायला एक खोली आणि पळायला रात्रीचा रस्ता, एवढ्यावर कथा उभी राहते. नेपथ्याची गरिबी काळोखात झाकली जाते, आणि तोच काळोख नायकाची कोंडी दाखवतो. अँथनी मान यांच्या ‘रॉ डील’मध्ये (१९४८) छायालेखक जॉन ऑल्टन यांनी हे फार ताकदीने केले आहे. त्यातला नायक टोळीप्रमुखाचा गुन्हा अंगावर घेऊन तुरुंगात जातो. तोच टोळीप्रमुख पुढे त्याला पळून जायला मदत करतो, पण तो वाटेतच मारला जावा या हिशेबाने.

या प्रकाराचा सर्वांत नेटका नमुना म्हणजे फिल कार्लसन यांचा ‘कॅन्सस सिटी कॉन्फिडेन्शियल’ (१९५२). फुले पोहोचवणाऱ्या गाडीसारखीच हुबेहूब दुसरी गाडी वापरून दरोडा पडतो आणि खऱ्या गाडीच्या चालकाला पोलीस उचलतात. तो पूर्वी तुरुंगात जाऊन आलेला, त्यामुळे संशयाला आणखी काही लागत नाही. कोठडीत त्याला मार बसतो. सुटतो तेव्हा नोकरी गेलेली असते. इकडे दरोडेखोरांनी एकमेकांचे चेहरेच पाहिलेले नाहीत: फितुरी होऊ नये म्हणून सूत्रधाराने सगळ्यांना मुखवटे घातले होते. नायक याच अनोळखीपणाचा फायदा घेतो आणि त्यांच्यातलाच एक बनून आत शिरतो. दगा टाळण्याची युक्तीच दग्याला वाट करून देते, ही रचना मोठ्या खर्चाच्या चित्रपटांतही क्वचित आढळते.

पडद्यावर काय दाखवावे याचे हॉलिवुडने स्वतःवर घातलेले नियम, म्हणजे निर्मितीसंहिता, १९३४पासून कडक झाली; तिच्यामुळे गुन्हेगाराला शेवटी शिक्षा दाखवणे भाग होते. निर्दोष फरारी मात्र कायद्याला चुकवत हिंडूनही अखेरपर्यंत जिवंत राहू शकत होता.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८च्या निकालाने मोठ्या कंपन्यांना चित्रपटगृहे सोडावी लागली, दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली आणि ‘बी’ चित्रपट आटले. कथा दूरचित्रवाणीकडे गेली: पत्नीच्या खुनाचा आळ आलेल्या डॉक्टरची ‘द फ्युजिटिव्ह’ ही मालिका १९६३ ते १९६७ चालली.