पार्श्वभूमी : मानसिंगच्या मुलाची फाशीची शिक्षा आणि चंबळची शरणागती

चंबळचं बेहड, म्हणजे नदीकाठची घळींची ओसाड जमीन, सिनेमाने घरोघरी पोचवलं आहे, त्याचं वर्णन नको. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या हद्दी इथे एकमेकींना भिडतात. एका राज्याचे पोलीस मागे लागले की टोळी दुसऱ्या राज्यात पसार.

आग्रा जिल्ह्यातल्या खेडा राठोडचा मानसिंग गावकीच्या वैरातून बेहडात उतरला. त्याच्या नावावर १,११२ दरोडे आणि १८५ खून सांगितले जातात. इतका नेमका हिशेब कोणी ठेवला, देव जाणे. १९५५ मध्ये भिंड भागात तो आणि त्याचा मुलगा सुभेदारसिंग पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. दुसरा मुलगा तहसीलदारसिंग आधीच पकडला गेला होता. (दोन्ही नावंच आहेत, हुद्दे नव्हेत.) त्याला फाशीची शिक्षा झाली.

नैनीच्या तुरुंगातून त्याने विनोबांना पत्र लिहिलं. मरण्यापूर्वी आपली भेट व्हावी, आणि आपण आमच्या भागात येऊन बाकीच्यांशी बोलावं, असा त्याचा आशय होता. १९५९ मध्ये विनोबा काश्मीरच्या पदयात्रेत होते. ते स्वतः गेले नाहीत; चंबळच्याच मुलखातल्या एका निवृत्त मेजर जनरलना त्यांनी तुरुंगात पाठवलं. पुढे राष्ट्रपतींनी फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैनात चालू लागले. वीसेक जणांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यात मानसिंगच्या टोळीतला लोकमन उर्फ लुक्का होता. त्याने विनोबांपुढे ठेवलेल्या रायफलीला दुर्बीण बसवलेली होती.

वाद पेटला तो इथे. मध्य प्रदेश पोलिसांच्या तेव्हाच्या प्रमुखांनी उघड नाराजी दाखवली. मानसिंगनंतर टोळी चालवणारा रूपा आणि दुसऱ्या टोळीचा गब्बरसिंग हे दोघेही १९५९ मध्येच मारले गेले होते. टोळ्या आम्ही जेरीला आणल्या, आणि आता खुन्यांना हार घालायचे? त्यांच्या या तक्रारीत तथ्य होतं, ते सर्वोदयवाल्यांनी, म्हणजे विनोबांच्या कार्यकर्त्यांनी, फार मनावर घेतलं नाही. पण विनोबांनी माफी कबूल केली होती, हा आरोप मात्र टिकत नाही. न्यायाने वागवलं जाईल, छळ होणार नाही, बायकापोरांना त्रास होणार नाही, एवढंच त्यांचं आश्वासन. खटले चालणारच होते, आणि चाललेही. अडचण अशी की या आश्वासनामागे सरकारचा स्पष्ट शब्द नव्हता. शरण आलेले कोर्टाच्या फेऱ्यांत अडकले, त्यांचे वकील पाहायला कार्यकर्त्यांना समिती काढावी लागली, आणि बेहडात उरलेल्यांनी हे सगळं पाहिलं. त्यानंतर बरीच वर्षं मोठी शरणागती झाली नाही.

१९७१ मध्ये चंबळचा दरोडेखोर माधोसिंग नाव बदलून, ठेकेदार असल्याचं सांगत पाटण्यात जयप्रकाश नारायणांकडे आला, तेव्हा हा हिशेब सगळ्यांपुढे होता. या वेळी आधी केंद्राशी आणि राज्यांशी बोलणी झाली. कोणालाही फाशी द्यायची नाही, हे पहिलं कलम. मग एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौराजवळ शेकडो जण शरण आले. पुढे मुंगावलीला त्यांच्यासाठी खुला तुरुंग निघाला. त्याआधी टोळ्यांपर्यंत निरोप नेणाऱ्यांत लोकमन होता, आणि जन्मठेपेतून सुटलेला तहसीलदारसिंगही. तहसीलदारसिंगने पुढे भाजपच्या तिकिटावर विधानसभेची निवडणूक लढवली. पडला.