डबा टीव्ही भंगारात देऊ नका

मालवणला काकीकडे गेलो तर पडवीत जुना डबा टीव्ही गोणपाटात गुंडाळलेला. 'आता सगळा डिजिटल झाला, ह्यो चलाचो नाय,' असं तिला कुणीतरी सांगितलेलं. गावोगावी हेच ऐकू येतं, आणि ते चूक आहे.

बदललं ते प्रक्षेपण. अ‍ॅनालॉगमध्ये चित्र सलग लहरींतून यायचं, डिजिटलमध्ये ते आकड्यांत बांधून येतं. ते आकडे उलगडून जुन्या टीव्हीला कळेल असा सिग्नल देणं, हेच सेट-टॉप बॉक्सचं काम. काकीच्या टीव्हीच्या मागची धूळ पुसली, बॉक्सची पिवळी-पांढरी-लाल पिन खोचली, टीव्हीवर 'एव्ही' (बाहेरून जोडलेल्या बॉक्सचं चित्र दाखवणारं बटण) लावलं, चित्र आलं! मागे ती भोकंच नसतील तर मॉड्युलेटर नावाची छोटी डबी मध्ये जोडावी लागते.

दुसरा गैरसमज पावसाचा. 'डिजिटल म्हणजे पावसातही स्वच्छ' हे छत्रीच्या, म्हणजे छपरावरच्या डिश अँटेनाच्या, बाबतीत खरं नाही. डिशच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. आपल्याकडच्या मुसळधार सरी त्या शोषतात, विखुरतात. अँटेनाच्या जुन्या काळी सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी बातम्या कळायच्या. डिजिटलमध्ये चित्र एका मर्यादेपर्यंत लख्ख राहतं, मग चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि पडदा एकदम गोठतो. बॉक्स बिघडलेला नसतो. सर ओसरेपर्यंत थांबा, कारागिराला बोलावून पैसे घालवू नका.