किल स्विच कायदा (कॅलिफोर्निया)

चोरीला गेलेला स्मार्टफोन मालकाला दुरूनच निकामी करता यावा, अशी सोय प्रत्येक फोनमध्ये असण्याची सक्ती करणारा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा कायदा. सिनेटर मार्क लेनो यांच्या ‘एसबी 962’ या विधेयकावर गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी 25 ऑगस्ट 2014 रोजी सही केली. 1 जुलै 2015 पासून तयार होणाऱ्या आणि राज्यात विकल्या जाणाऱ्या फोनना तो लागू झाला.

त्या काळी अमेरिकेच्या अनेक मोठ्या शहरांत लुटीच्या 30 ते 40 टक्के घटना स्मार्टफोनसाठी होत. सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा सरकारी वकील जॉर्ज गॅस्कोन यांनी 2013 पासून कंपन्यांच्या मागे तगादा लावला होता. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने सक्तीला विरोध केला. एप्रिल 2014 मध्ये विधेयक सिनेटमध्ये अडकले आणि मे महिन्यात फेरमतदानात तरले. त्याच महिन्यात मिनेसोटाने असा कायदा केला होता, पण तिथे फोनमध्ये सोय असली की पुरे होते.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याची खरी ताकद एका बारीक अटीत आहे. नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच ही सोय चालू करण्याचा पर्याय आपोआप समोर आला पाहिजे. सेटिंगमध्ये खोलवर दडवलेली सोय बहुतेक लोक कधी उघडतच नाहीत, आणि चोराचे तेवढ्यावर भागते. नको असेल तर मालक ती बंद करू शकतो. दुसरी अट फॅक्टरी रीसेटची, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा कोरा करण्याची: रीसेट मारल्यावरही कुलूप टिकले पाहिजे. मालकाने ओळख पटवली की फोन पूर्ववत. जाणूनबुजून नियमबाह्य फोन विकल्यास प्रत्येक फोनमागे 500 ते 2,500 डॉलर दंड.

याच सोयीचा वापर करून सरकारच आंदोलकांचे फोन बंद पाडेल, ही भीती निराधार नव्हती. ऑगस्ट 2011 मध्ये निदर्शने रोखण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेने स्थानकांतली मोबाइल सेवा तोडली होती. म्हणून सरकारी वापराला न्यायालयीन आदेशाशी बांधणारे कलम या कायद्याला जोडले आहे.

भारतात भर नेटवर्कवर आहे. चोरीचे फोन नेटवर्कवरून रोखणारी सरकारची सीईआयआर यंत्रणा सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईत, आधी महाराष्ट्रापुरती सुरू झाली. मे 2023 पासून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरून ती देशभर खुली झाली. तिथे आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक केला की फोनला रेंज मिळत नाही, वायफाय मात्र चालू राहते. किल स्विचने फोनच अडतो. तरी स्क्रीन आणि इतर सुटे भाग काढून विकण्याचा धंदा दोन्ही उपायांनी पुरता थांबत नाही.