कोकराचं पोट जन्मानंतर घडतं

मेंढी व्याली की आधी कोकराच्या तोंडात बोट घालून बघावं. तोंड ऊबदार असेल आणि कोकरू बोट चोखायला लागलं तर काळजी नाही. तोंड गार लागलं, तर त्याला ऊब द्यायला क्षणही दवडू नये.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रथिनं आईच्या पोटात असतानाच मिळतात. मेंढीच्या गर्भाशयातली वार ती पलीकडे जाऊ देत नाही. कोकरू उघडंच जन्मतं. त्याचं सगळं संरक्षण चिकात, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधात. कोकराचं आतडं ही मोठाली प्रथिनं अख्खीच रक्तात घेतं, पण ही वाट जेमतेम 24 तास उघडी असते आणि पहिल्या 6 तासांत सर्वांत मोकळी. म्हणून दिवसभरात वजनाच्या किलोमागे 200 मिली चीक पोटात जायलाच हवा. तीन किलोच्या कोकराला 600 मिली! सडाच्या टोकाला मेणासारखा खडा बसलेला असतो. दोन धारा पिळून तो काढला नाही, तर अशक्त कोकरू नुसतं चोखत राहतं. चीक ओतून दिलेला पाहिला की जीव तुटतो.

दख्खनी मेंढीला सहसा एकच कोकरू होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या चिमुकल्या गारोळ मेंढीचं, एका वेळी जास्त कोकरं देणारं फेक-बी जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' घडवली आणि जुळी वाढली. पण कासेला सड दोनच. दांडगं कोकरू पितं, दुबळं मागं राहतं. त्याला बाटली लावावी लागते.

रवंथ करणाऱ्या प्राण्याचं हे पिल्लू, पण जन्मतः रवंथ करूच शकत नाही. दूध चोखताना पोटातली एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा कप्पा, टाळून थेट खऱ्या जठरात उतरतं. कोटीपोट तेव्हा लहानशी रिकामी पिशवी. दुसऱ्या आठवड्यात कोकरू पाल्याला तोंड लावतं, तिथं जिवाणू वस्तीला येतात, चारा आंबतो आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांमुळे पिशवीच्या आतल्या भिंतीवर बोटांसारखे बारीक उंचवटे फुटतात. कितीही दूध पाजलं तरी हे काम दुधानं होत नाही. धनगर शेवरी-बाभळीच्या डहाळ्यांची जुडी कोकराच्या तोंडाच्या उंचीवर टांगतात, ते किती शहाणपणाचं! पाला पायाखाली तुडवला जात नाही, लेंड्यांतली जंतांची अंडी त्याला लागत नाहीत.

मक्याचा भरडा मात्र चिमटीचिमटीनं वाढवावा. एकदम पोटभर मिळाला तर आंत्रविषार, म्हणजे आतड्यात जिवाणूंचं विष तयार होण्याचा रोग, होतो, आणि संध्याकाळी बागडणारं सर्वांत गुटगुटीत कोकरूच सकाळी मेलेलं सापडतं. या रोगाची लस गाभण मेंढीला व्यायच्या तीन-चार आठवडे आधी टोचतात. तिचं संरक्षणही कोकरात उतरतं ते पहिल्या दिवसाच्या चिकातूनच.