जखमेखालचं हाड

मधुमेहींच्या तळपायाच्या जखमेवर शस्त्रक्रिया म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे पाय कापणंच येतं. ही भीती उगाच नाही, बराच काळ डॉक्टरांकडे दुसरा इलाज फारसा नव्हता. जखम चिघळते ती खालच्या हाडाच्या दाबामुळे, हे नीट उमगलं ते कुष्ठरुग्णांच्या वॉर्डात.

सुगावा तसा जुनाच. १८६८ मध्ये पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी मज्जातंतूंच्या विकारात सांधे कसे ढासळतात याचं वर्णन केलं. १८८४ मध्ये लंडनचे सर्जन ट्रीव्ह्ज तळपायाच्या जखमेभोवतीचा घट्टा तासून रुग्णाला अंथरुणात विश्रांती देत. इन्सुलिन १९२२ मध्ये आलं, मधुमेही जगू लागले आणि नसा बधिर होण्याइतका काळ त्यांना मिळू लागला. शार्कोंचा तो सांध्यांचा विकार मधुमेहातही होतो, हे १९३६ मध्ये जॉर्डन यांनी दाखवलं.

खरं वळण मिळालं वेल्लोरला. तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांत मिशनरी दांपत्याच्या पोटी जन्मलेले सर्जन पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांना दिसलं ते वेगळंच: दुखतच नाही, म्हणून माणूस लंगडत नाही आणि त्याच जागेवर पाऊल टाकत राहतो. पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घातलं की भार सगळ्या तळव्यावर पसरतो आणि रुग्ण चालत असतानाच जखम भरते. प्लास्टरचा हा उपाय श्रीलंकेत मिलरॉय पॉल यांनी आधीच वापरला होता. वाकड्या बोटांवर आणि लुळ्या पावलांवर स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे) हलवून शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनीही कुष्ठरुग्णांसाठी अशा शस्त्रक्रियांचं मोठं काम उभं केलं. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि हे ज्ञान तिथून मधुमेहींच्या पायांपर्यंत पोचलं. ज्या रुग्णांना समाजाने दूर लोटलं, त्यांच्या पायांनी आपल्याला हे शिकवलं. हे ऋण मोठं आहे.

मधुमेहात पावलातले छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं आकड्यासारखी वळतात आणि चवड्यातल्या हाडांची टोकं खाली रेटली जातात. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर (ही रक्तवाहिनी नव्हे, स्नायूबंधच) ताठरते, त्यामुळे चवड्यावरचा भार आणखी वाढतो. शार्कोंचा विकार झालेल्या पायात तर कमानच कोसळते आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. म्हणून शस्त्रक्रियाही त्या त्या कारणावर बेतलेली असते: बोट वाकवणारा स्नायूबंध तोडणं, टोचणारं हाड तासणं, टाचेमागची ती शीर लांबवणं.

या शेवटच्या उपायाचा पुरावा २००३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून आला. ६४ रुग्णांपैकी काहींना नुसतं प्लास्टर घातलं, काहींची शीरही लांबवली. जखम भरल्यानंतर दोन वर्षांत नुसत्या प्लास्टरच्या गटात ८१ टक्क्यांची जखम परत उघडली, शीर लांबवलेल्यांत ३८ टक्क्यांची. मात्र शीर लांबवलेल्यांपैकी काहींच्या टाचेवर नवी जखम झाली, कारण चवड्यावरून हटलेला भार टाचेवर गेला. पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय तर यातलं काहीच करता येत नाही, कारण रक्त पोचत नसेल तर शस्त्रक्रियेची चीरही भरत नाही.