तुरुंगातल्या बंद्याला मानसोपचार: अर्ज कुणाकडे करायचा, कागद कोणते लागतात

मनोविकाराच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला अटक होते तेव्हा घरचे वकील, जामीन आणि पैशांच्या मागे धावतात. गोळ्या कपाटात तशाच राहतात. यातला धोका बहुतेकांना उशिरा कळतो. क्लोनॅझेपामसारखी गोळी एकदम तुटली तर फिट येऊ शकते. लिथियम बंद पडलं तर दबलेला आजार उसळू शकतो. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली तर दोन-तीन दिवसांत हातांना कंप, भास, भ्रम सुरू होऊ शकतात, आणि कोठडीत याला ‘नाटकं करतोय’ म्हणून सोडून दिलं जाण्याची भीती असते. त्यामुळे कागदोपत्री काम तुरुंगात मुलाखत मिळेपर्यंत थांबवू नका, अटकेच्या दिवशीच सुरू करा.

अटक झाल्यावर आरोपीची वैद्यकीय तपासणी करावीच लागते, आणि त्या अहवालाची प्रत त्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळाली पाहिजे. तपासणीच्या वेळी चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा. २४ तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात. तिथे वकिलाने एवढंच म्हणावं की आरोपीला अमुक आजार आहे, अमुक औषधं चालू आहेत, ती कोठडीत मिळावीत आणि तशी नोंद रिमांडच्या आदेशात व्हावी. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे लोकअभिरक्षक, म्हणजे बचाव करणारे वकील, मोफत मिळतात. मदत क्रमांक १५१००. आदेशात ही एक ओळ आली की तुरुंगाच्या डॉक्टरला औषध टाळणं अवघड जातं.

हक्क कुणाला आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ कच्चा कैदी आणि पक्का कैदी असा भेद करत नाही. गुन्हा कोणता, कलम कोणतं, याचाही उपचाराशी संबंध नाही. या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, आकलन किंवा स्मृती यांत गंभीर बिघाड करणारे आजार येतात, तसे दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेले विकारही येतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण व्यसनी बंद्याचे घरचे ‘हा काही वेडा नाही’ म्हणून अर्जच करत नाहीत.

बौद्धिक दिव्यांगत्व मात्र या व्याख्येच्या बाहेर आहे. तसा माणूस आत असेल तर त्याचा रस्ता न्यायालयातून जातो. त्याबद्दल पुढे येईलच.

आधी कधीच उपचार घेतले नसले तरी अडत नाही. तुरुंगात दाखल होताना प्रत्येकाची शारीरिक आणि मानसिक तपासणी व्हावी, असं या कायद्याखालच्या २०१८ च्या नियमांत आहे. त्याच नियमांप्रमाणे दर ५०० बंद्यांमागे एक डॉक्टर आणि चार समुपदेशक असायला हवेत; जामीन नाकारला जाणं, निकाल लागणं, घरी काही अघटित घडणं अशा वेळी बंद्याशी बोलणं हे त्या समुपदेशकांचं कामच आहे. प्रत्यक्षात काय असतं ते कोणत्याही तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारा. पण नियम लेखी आहे, म्हणून अर्जात लिहिता येतो.

पहिला अर्ज: कारागृह अधीक्षकांना

या अर्जाला ठरावीक नमुना नाही, स्टॅम्प पेपर नको, फी नाही. साध्या कागदावर, अधीक्षकांच्या नावे आणि प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना. बंदी स्वतः करू शकतो. आई-वडील, पती-पत्नी, भाऊ-बहीण किंवा वकीलही करू शकतात. वर बंद्याचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक, बराक माहीत असल्यास बराक, गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणं. मजकूर असा काहीसा:

‘माझा मुलगा आपल्या कारागृहात न्यायबंदी आहे. त्याच्यावर अमुक रुग्णालयात अमुक सालापासून स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू आहेत. सोबत केसपेपरची प्रत आहे. तो अमुक गोळ्या रोज रात्री घेतो. दिनांक अमुकच्या मुलाखतीत तो ओळख दाखवत नव्हता, स्वतःशी बोलत होता आणि जेवण सोडल्याचे दिसले. तरी त्याची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून औषधे सुरू करावीत व केलेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी द्यावी.’

‘त्याची तब्येत बरी नाही’ असं मोघम लिहू नका. काय दिसलं, कोणत्या तारखेला दिसलं, ते लिहा. डॉक्टरला तेच उपयोगी पडतं आणि पुढे न्यायालयालाही. आत्महत्येचं बोलत असेल तर ते पहिल्याच ओळीत आणि स्पष्ट शब्दांत. त्यामुळे त्याच्यावर नवा खटला होईल ही भीती नको: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरावं आणि त्यासाठी त्याला शिक्षा करू नये, असं याच कायद्याचं कलम ११५ सांगतं.

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नव्हेच, असं समजून चाला.

सोबत काय जोडायचं

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे शेवटची औषधांची चिठ्ठी, मग ती कितीही चुरगळलेली असो. त्यावर औषधाचं मूळ नाव आणि मात्रा वाचता येत नसेल तर डॉक्टरकडून नव्याने लिहून घ्या, कारण ब्रँडचं नाव सरकारी औषधसाठ्यात सापडत नाही. त्यानंतर जुने केसपेपर, भरती झाला असेल तर डिस्चार्ज कार्ड, उपचार करणाऱ्या डॉक्टरचं लेटरहेडवरचं पत्र, दिव्यांगत्व प्रमाणपत्र असल्यास ते, आणि औषध दुकानाची बिलं. बिलांनी औषध खरंच चालू होतं हे दिसतं. अर्जदाराचं आधार कार्ड आणि बंद्याशी नातं दाखवणारा एखादा कागद, उदाहरणार्थ रेशन कार्ड. मूळ कागद कुणालाही देऊ नका, सगळीकडे झेरॉक्स.

गोळ्या घरून नेल्यास सुट्या नेऊ नका. पूर्ण पट्टी, चिठ्ठी आणि बिल एकत्र, तेही वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊनच. सुटी गोळी गेटवर संशयाने बघितली जाते, आणि त्यात गेटवरच्या शिपायाचा दोष नाही.

आणखी एक कागद फार कुणाला माहीत नसतो: नामनिर्देशित प्रतिनिधीचा. बंद्याने साध्या कागदावर ‘अमुक व्यक्तीला मी माझा प्रतिनिधी नेमतो’ असं लिहून सही किंवा अंगठा दिला की झालं; प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याची तयारी हवी. वकिलामार्फत किंवा मुलाखतीत हे करून घ्या. उपचाराची माहिती मागणं, निर्णयात सहभागी होणं, पुढे मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे (या कायद्याखालच्या तक्रारी तिथे ऐकल्या जातात) तक्रार करणं, हे सगळं त्याच्या जोरावर सोपं जातं.

दुसरा अर्ज: न्यायालयात

अधीक्षकांकडचा अर्ज ही विनंती असते. आदेश न्यायालयातून निघतो. म्हणून माझं मत असं की पहिल्याच्या उत्तराची वाट न बघता, पोच लावून दुसरा अर्ज लगेच करावा. खटला ज्या न्यायालयात आहे तिथेच, वकिलामार्फत; कारागृहाने वैद्यकीय अहवाल सादर करावा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, एवढी मागणी पुरते.

आजार इतका असेल की आपल्यावर काय आरोप आहे, न्यायालयात काय चाललंय हेच त्याला कळत नाही, तर वकिलाने भारतीय नागरी सुरक्षा संहितेची कलमं ३६७ आणि ३६८ पुढे करावीत. १ जुलै २०२४ पूर्वी हीच कलमं फौजदारी प्रक्रिया संहितेत ३२८ आणि ३२९ या क्रमांकांनी होती. जुने निकाल वाचताना गोंधळ नको. यात बौद्धिक दिव्यांगत्वही येतं. तज्ज्ञाच्या अहवालानंतर आरोपी बचाव करण्यास असमर्थ ठरला तर कलम ३६९ लागू होतं, आणि ते नीट वाचण्यासारखं आहे: गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, त्याला भरती करून उपचार देण्याची गरज नसेल आणि एखादा नातेवाईक किंवा मित्र हमी देत असेल, तर न्यायालयाने त्याला जामिनावर सोडायचं आहे. हमी दोन गोष्टींची: जवळच्या रुग्णालयात नियमित बाह्यरुग्ण उपचार करू, आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही याची काळजी घेऊ. यासाठी नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र, पत्त्याचा पुरावा, आणि कोणत्या रुग्णालयाच्या ओपीडीत नेणार त्याचं नाव तयार ठेवा. त्या रुग्णालयाचं पत्र मिळालं तर उत्तमच. सोडणं शक्य नसेल तर नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवण्याचा आदेश न्यायालय देतं.

आजार आहे पण समज शाबूत आहे, उदाहरणार्थ तीव्र नैराश्य, तर कलम ३६९ चालत नाही. तिथे आजारपणाच्या कारणावर नेहमीचा जामीन अर्ज. अमली पदार्थविरोधी कायद्यासारख्या विशेष कायद्यांत जामिनाच्या अटी कडक आहेत, म्हणून तिथे जामिनाआधी उपचाराचाच आदेश मागणं शहाणपणाचं.

शिक्षा झालेल्या बंद्याला मनोरुग्णालयात हलवण्याचा आदेश राज्य शासन देतं, १९०० च्या बंदी अधिनियमाच्या कलम ३० खाली. रुग्णालयातले दिवस शिक्षेतच मोजले जातात, वाढत नाहीत. फाशीची शिक्षा झालेल्यांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार लक्षात घेऊन फाशी रद्द केली होती आणि उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली होती.

तुरुंगातून रुग्णालयात

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०३ इथे लागतं. तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचार कक्ष असेल तर बंद्याला तिथे हलवणं पुरेसं मानलं जातं. नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने बाहेरच्या मानसिक आरोग्य संस्थेत. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण व मानववर्तन संस्था. येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आणि मनोरुग्णालय एकाच उपनगरात आहेत, तरी ओपीडीची तारीख चुकू शकते. कारण तेच, नेहमीचं: ‘गार्ड मिळाला नाही.’ बंद्याला बाहेर नेण्यासाठी पोलीस पथक लागतं आणि ते बंदोबस्तात अडकलेलं असतं. तारीख चुकली की त्याच आठवड्यात न्यायालयात अर्ज द्या, किती तारखा आणि कोणत्या चुकल्या ते लिहून. गार्डची व्यवस्था करण्याचा आदेश पोलिसांना न्यायालयच देऊ शकतं.

भरती झाल्यावर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर सहा महिन्यांनी बंद्याच्या प्रकृतीचा खास अहवाल आदेश देणाऱ्याकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे विचारत राहा. बरा झालेला बंदी अहवालाअभावी रुग्णालयातच पडून राहू नये. बंदी बाई असेल आणि तिच्याजवळ तीन वर्षांखालचं मूल असेल, तर उपचाराच्या काळात सहसा त्यांची ताटातूट करता येत नाही.

काहीच हललं नाही तर

कलम १०३ मध्ये एक विचित्र तरतूद आहे: तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाला कळवायचं की इथे मानसिक आजार असलेला एकही बंदी नाही. शेकडो माणसं कोंडलेल्या जागेबद्दल असा दाखला मागणं हास्यास्पद आहे, पण तुमच्या अर्जाला त्यातून धार येते. ‘कलम १०३(३) खाली मागील तिमाहीत मंडळाला पाठवलेल्या अहवालात माझ्या मुलाचा उल्लेख होता काय’ हा प्रश्न अर्जात लिहा. पोच घेतलेला तुमचा अर्ज फाइलला असताना ‘कुणी नाही’ असा दाखला पुढे पाठवणं डॉक्टरला जड जातं. हाच प्रश्न माहितीच्या अधिकाराखालीही विचारता येतो. जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, म्हणून तसं स्पष्ट लिहा.

मंडळाकडे तक्रार कलम ७७ खाली. बंदी स्वतः, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्था ती करू शकते. फी नाही, आणि अर्ज ९० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न मंडळाने करायचा आहे. मंडळाचा पत्ता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा जवळच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मिळेल. मोफत वकिलाचा हक्क आहे हे बंद्याला सांगणं ही न्यायदंडाधिकारी, पोलीस आणि उपचार करणारे डॉक्टर या सगळ्यांची जबाबदारी आहे, कलम २७ प्रमाणे. मुंबईतल्या तुरुंगांत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे कार्यकर्ते अनेक वर्षांपासून काम करतात; त्यांच्याशी बोलून पाहावं.

सुटकेच्या वेळी

जामिनाचे कागद दिवसभर फिरतात आणि माणूस संध्याकाळी हातात पिशवी घेऊन बाहेर येतो. त्या पिशवीत तुरुंगातल्या उपचारांचे कागद नसतात. सुटकेची तारीख कळताच वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आजाराचा सारांश, चालू औषधांची यादी आणि पुढच्या काही दिवसांच्या गोळ्या लेखी मागा. सुटकेनंतरची औषधं आणि पाठपुरावा याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे, आणि आपल्या उपचारांच्या नोंदी मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ मध्ये. गोळ्या न देताच सोडलं तर दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. रात्री-अपरात्री काय करावं सुचलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.