पार्श्वभूमी : अर्कचित्रातला वंश आणि मेलबर्नचा निवाडा

अर्कचित्रात नाक लांबणार, पोट सुटणार, त्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही. वाद पेटतो तो एका माणसाची अतिशयोक्ती अख्ख्या वंशाची होते तेव्हा. गोव्यात हा विषय निघाला की लोटलीच्या मारिओ मिरांडा या व्यंगचित्रकाराचा दाखला ठरलेला. त्याने गोमंतकीयांनाही सोडलं नाही, मग इतरांनीच एवढं का चिडावं, असा युक्तिवाद होतो. पण त्याचे पाद्री आणि भाटकार, म्हणजे जमीनदार, त्याने जवळून पाहिलेले होते. कोणाच्या तयार साच्यातून त्याने ते उचलले नव्हते.

साचा जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश आणि अमेरिकी नियतकालिकांत आयरिश माणूस माकडतोंडा काढला जाई. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला जाड ओठ आणि बटबटीत डोळे आले. तोंडाला काळं फासून रंगमंचावर उतरणाऱ्या गोऱ्या नटांनी तो चेहरा अमेरिकेत घरोघरी पोचवला. बेल्जियमच्या एका गाजलेल्या चित्रकथेने १९३०-३१ मध्ये काँगोची माणसं याच साच्यात ओतली. १९४६च्या रंगीत आवृत्तीत ‘तुमचा देश बेल्जियम’ हा वर्गातला धडा काढून तिथे गणित घातलं. चेहऱ्यांचा साचा मात्र राहिला.

अलीकडचा खरा पेच २०१८चा. ८ सप्टेंबरला अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्स या कृष्णवर्णीय माजी विजेतीने पंचाशी वाद घातला, रॅकेट आपटली, दंड म्हणून एक गेम गमावला. मेलबर्नच्या एका दैनिकाने तिला मोडक्या रॅकेटवर थयथयाट करताना काढलं: अवाढव्य ओठ, बाजूला पडलेली बाळाची चोखणी. मागे पंच प्रतिस्पर्धी खेळाडूला विचारतो, ‘हिला जिंकू देशील का?’ ही प्रतिस्पर्धी चित्रात गोरी, सोनेरी केसांची. प्रत्यक्षात तिची आई जपानी, वडील हैतीचे. केसांना सोनेरी छटा होती हे खरं, पण कातडीचा रंग कुठे गेला?

टीका सुरू होताच दैनिकाने तेच चित्र पहिल्या पानावर पुन्हा छापलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या वृत्तपत्रांच्या स्वयंनियामक मंडळाने आचारसंहितेचा भंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. काहींना चित्र अपमानास्पद वाटलं हे मंडळाने मान्य केलं. पण चित्र खेळाडूच्या वागण्यावर आहे, बाळाने चोखणी थुंकावी तसं आकांडतांडव दाखवायची ही तऱ्हा ऑस्ट्रेलियन वाचकाच्या ओळखीची आहे, आणि त्यात लोकहिताचा मुद्दा आहे, असं म्हटलं. मला हा निवाडा अपुरा वाटतो. चोखणीचा खुलासा झाला, ओठांचा झालाच नाही. थयथयाट तिचा स्वतःचा होता, तो हवा तेवढा फुगवावा. ओठ तर शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रांतून आले होते.

आपल्यावर बेतलं तेव्हा हा फरक आपल्याला लगेच कळला. २०१४ मध्ये मंगळयानानंतर न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने अंतराळ क्लबचं दार ठोठावणारा, गाय घेऊन आलेला भारतीय काढला. ओरड झाल्यावर माफी मागितली. २०२३ मध्ये एका जर्मन साप्ताहिकाने टपावर माणसं लादलेली भारतीय आगगाडी चीनच्या गाडीपुढे काढली, तेव्हा केंद्रीय मंत्रीही संतापले.

त्याआधी, २०१३ मध्ये, पर्रा इथे एका नायजेरियनाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. लगेच गोव्यात नायजेरियन आणि अमली पदार्थ एकाच दमात नाकारणारे फलक लागले. एका मंत्र्याने त्यांना कर्करोगाची उपमा दिली, नंतर दिलगिरी व्यक्त केली. गाय आणि आगगाडी पाहून आपण जो निकष लावला, तो त्या फलकांना फार थोड्यांनी लावला.